उजवा कप्पा

साडेतीन हजार मीटरवर, नमद्याच्या तंबूत
जनरेटर दोनदा खोकतो, मग लागतो.
असानाकुन डाव्या कुशीवर आडवा, छाती उघडी,
टोपी मात्र काढायला तयार नाही.
ओठ असे, जणू आत्ताच जांभळं खाऊन आलाय;
जांभूळ त्यानं जन्मात पाहिलेलं नाही.

गुलबारा जेल लावते. गार लागेल, म्हणते.
"गारठ्याचं मला सांगतेस?"

पडद्यावर करड्या धुक्यात काहीतरी उघडतं, मिटतं.
ही डावी बाजू, ती दाखवते, अंगभर रक्त धाडते,
हिचंच सगळे कौतुक करतात.
आणि ही उजवी. हिचं काम शेजारचंच:
दमलेलं, काळपट रक्त फुप्फुसांत न्यायचं,
तिथं हवेत चरू द्यायचं,
लाल होऊन परतलं की थोरलीच्या दारात.

"म्हणजे मे महिन्यात कळप वर, सप्टेंबरात खाली."
तसंच. फक्त मिनिटाला सत्तर वेळा.
तो हसतो. हसता हसता धाप लागते.

शरीराची एक जुनी युक्ती आहे.
फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा पोचेना
की तिथली वाट आवळून घ्यायची,
रक्त दुसरीकडे वळवायचं.
न्यूमोनियाच्या पोराला ती तारून नेते.
पण इथं सगळेच कोपरे उपाशी.
सगळीकडची फाटकं एकदम लागतात,
कळप घाटात कोंडतो,
आणि उजवी बाजू मागून ढकलत राहते, ढकलत राहते,
दंड भरतात तिचे, जाड होते, रुंद होते,
मग एक दिवस ढिली पडते.

असानाकुन गप्प.
तीन वर्षांपूर्वी त्यानं खालून गाई आणल्या होत्या, दुधाच्या, देखण्या.
पानगळीपर्यंत त्यांच्या गळ्याखालची पोळी सुजली,
बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.
दोघी मेल्या. एक त्यानं स्वतः फाडून पाहिली.
शेजारी याक बर्फात उभे, ढिम्म.
याकांच्या नळ्या पातळ, गुलबारा सांगते,
हवा उणी झाली तरी आवळत नाहीत.

"म्हणजे मी गाय."

तिला काय बोलावं सुचत नाही.
खाली जा, एवढंच म्हणते. खाली हवा दाट आहे.
"खाली धूर दाट आहे."
खरंय. थोरल्याच्या घरी हिवाळाभर कोळसा जळतो,
नातीच्या दप्तरात दम्याचा पंप असतो.

इतका वेळ बुरुलकान चुलीशी.
शेणाची गोवरी मोडते, फुंकते, खोकते, पुन्हा फुंकते.
तीस उन्हाळे. तिला कुणी आडवं व्हायला सांगितलेलं नाही.
गुलबारा पिशवीतून नळी काढते:
आई, यात फुंका. जोरात. अजून. अजून.
"फुंकायला मला शिकवते," म्हणते बाई, आणि फुंकते.
आकडा येतो. असायला हवा त्याच्या निम्मा.
चहा ओतून झाल्यावर ती विचारते, पास का?

त्यांच्या भाषेत श्वासाला देम म्हणतात.
विसावा घे म्हणायचं तर देम घे म्हणतात.
आपला दम आणि त्यांचा देम
कधीकाळी एकाच छातीतून निघाले असावेत.

पाचव्या दिवशी, भर जुलैत, तंबू उतरला.
याक भावाच्या हवाली. ट्रकमध्ये पेट्या, नमदे, शिलाई मशीन,
आणि बुरुलकान पुढे, खिडकीशी.
खिंडीत उशिरा निघालेला कुणाचा तरी कळप समोर आला,
चारशे मेंढ्या, अरुंद वाट, एका बाजूला दरी.
ड्रायव्हरचा हात हॉर्नवर गेला.

असानाकुननं तो धरला.
"राहू दे.
जाऊ दे त्यांना वर."