पुठ्ठ्याचा वारा

मे लागला की तांडापेठेत घरोघरी
वाळ्याच्या ताट्या भिजतात, कूलरचे पंप घरघरतात,
आणि माझ्या खिडकीत माणसं बोलायला लागतात.
अगदी नावानिशी. गुणवंता, ऊठ.
गुणवंता, पाणी पिऊ नको त्या माठातलं.

बंद करावा तर सेहेचाळीस डिग्री,
आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं,
या गोळ्या घेणाऱ्यानं उन्हाला जपून राहावं.
चालू ठेवावा तर ते.
चौदा उन्हाळे मी
एका बटणावर बोट ठेवून बसलोय.

आई दरवर्षी मारबतीमागे जायची.
सगळे खोकला-ताप घेऊन जा म्हणून ओरडायचे.
माझ्या दुखण्याचं नाव चारचौघांत घेववायचं नाही तिला,
नुसती म्हणायची, "हे घेऊन जा गे. हे."
कोणतं हे,
ते मारबतीला समजलं नसावं.

ऑटोवाले हाळी देतात, पागलखाना चौक, एक सीट!
मी अलीकडेच उतरतो. उरलेलं चालतो, उन्हात,
फाईल सदऱ्याखाली.

तिथल्याच एका बाईनं पत्ता दिला:
गुरुवारी दुपारी, शाळेमागची खोली.
तीन गुरुवार मी फाटकावरूनच परतलो.
चौथ्याला हेडाऊ काकू बाहेर चपला लावत होत्या,
म्हणाल्या, "काहून उभा आहेस? ये ना, चहा होऊन राह्यला."

आत मी कसंबसं कूलरचं सांगितलं.
शकूरभाई म्हणाले, "तुझे मराठीत तरी बोलतात बे.
माझे शुद्ध हिंदीत. अर्धं समजतच नाही."
खोली हसली.
पहिल्यांदाच कुणी त्यांना हसलं,
मला नाही.

काकूंनी उठून कूलर बंद केला.
पोराच्या दुकानातली साड्यांची खोकी फाडली,
एकेक पुठ्ठा प्रत्येकाच्या हातात,
आणि आम्ही नऊ जण घामाघूम
वारा घालत बसलो, आपल्याला, शेजारच्याला.

गोळ्यांनी माझे हात थरथरतात.
लग्नाकार्यात मी कप उचलत नाही.
पण पुठ्ठा हलवताना
सगळ्यांचेच हात हलत होते.
त्यात माझे कोणते,
मलाच सापडेनात.

ते गेले नाहीत अजून.
काल रात्री एक जण आलाच होता, माठाचंच घेऊन.
म्हटलं, थांब जरा.
गुरुवारी बोलू, सगळ्यांसमोर.