पायाचं ऐकणं

तारळेकर बाई गाडी घेऊन आल्या
एमआयडीसीतल्या माझ्या शेडवर, नऊच्या आत.
"यवतेश्वरच्या घाटात दम टाकते," म्हणाल्या,
"दुसऱ्या वळणाला दुधाचा टेम्पोसुद्धा पुढं गेला.
नवी गाडी, मुबारक. सात महिन्यांची."

बॉनेट उघडलं. एअर फिल्टर काढला, फुंकला.
सगळं जागच्या जागी.
मग आत बसलो तेव्हा गिअरजवळची गोल खुंटी दिसली,
इकोवर, भोवती धुळीची बारीक कड.

"हे कुणी लावलं?"
"भाच्यानं, गाडी आली त्या दिवशी.
म्हणाला, मावशी, याला हात लावू नकोस, पेट्रोल वाचतं."
बाईंनी लावला नव्हता.

इंजिन तेच असतं बाई, ताकदही तेवढीच.
बदलतं ते तुमच्या पायाचं ऐकणं.
इकोत अर्धा पाय दाबलात तर ती पाव ऐकते,
आधी विचारते, खरंच हवंय का?
नॉर्मलला सांगाल तेवढं.
स्पोर्टला शब्द पुरा व्हायच्या आत धावते,
गिअर लवकर सोडत नाही, वरच्या पट्टीत ओरडते
आणि पिते.
ते बर्फाचं चित्र? त्याचं साताऱ्यात काय करायचं
मलाही ठाऊक नव्हतं,
एकदा कासच्या चिखलात चाक नुसतं फिरायला लागलं
तेव्हा कळलं.

बाई खुंटीकडं बघत राहिल्या.
एकतीस वर्षं गणित शिकवलेलं.
"वाठारचा एक पोरगा होता," म्हणाल्या.
"प्रश्न विचारला की आधी खिडकीबाहेर बघायचा.
मी पुढच्याला उठवायचे."
पुढं काही बोलल्या नाहीत.
मीही पाना पुसत उभा राहिलो, उगाच.

मग समर्थ मंदिरावरून वर गेलो. त्या चालवत होत्या.
चढाला स्पोर्ट. दुसरं वळण आलं
आणि गेलं.
"अगं बाई," एवढंच.
उतरताना त्यांचा हात इकोकडं गेला, मी म्हटलं राहू दे,
गिअर धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत.
खाली, सपाटीला, काय ते तुम्ही ठरवा.

खुंटी फिरवल्याचे काय घ्यायचे?
त्यांनी फिल्टर फुंकल्याचे पन्नास ठेवले.

आठवड्यानं फोन.
"घाटात आहे. गाडी कडेला लावलीय, घाबरू नकोस.
भाचा कुरकुरतोय, मायलेज तीननं पडलं म्हणून."
"मग?"
"पडू दे."
मागं वारा होता, भरपूर.