पान पाच, खाली डावीकडे

पहाटे साडेचारला संकेश्वरच्या स्टँडवर
बेळगावच्या गाडीतून गठ्ठे पडतात.
मी सुतळी कापतो, अंक मोजतो.
वाचायला वेळ नसतो, एकशे ऐंशी दारं करायची असतात.

तरी लोक मलाच धरतात,
जणू रात्रभर बसून मीच लिहिलंय.
"काय शिदाप्पा, आज कुणाचं पाकीट?"
डेअरीवाला विचारतो, रिटायर गुरुजी विचारतात,
तीन महिन्यांचं बिल थकवलेला तो मेडिकलवाला,
तोही विचारतो.
मी घंटी वाजवत पुढं.

हंचिनमळ्यात नळाला वास मारायला लागला त्या आठवड्यात
पंचायत म्हणाली, दोघं आजारी,
तेही लग्नातलं जेवण बाधून.
मोबाईलवर चाळीस फिरत होते.
एका प्रेताचा फोटोही होता, मागं नारळाची बाग.
आमच्याकडं नारळ कुठला,
नजर जाईल तिथं ऊस.

पायगोंडा मगदूम तिथं गेला,
खिशात शाळेची दुरेघी वही.
दारादारात चपला काढल्या,
कुठं मराठीत विचारलं, कुठं कन्नडात.
मुल्लांच्या घरी काहीच विचारलं नाही,
बसून राहिला म्हणे तासभर.

छापून आले अकरा.
नावं, वयं, कोण कुठल्या नळाचं पाणी पितं,
आणि पाइप गटारात कुठं फुटलाय ते:
शाळेच्या फाटकापासून बावीस पावलं.

अकरा कुणालाच आवडले नाहीत.
पंचायत म्हणाली, दोनाचे अकरा केलेस.
गाव म्हणालं, चाळिसांचे अकरा? एष्ट तगोंडी?
चौकात अंक जाळले.
माझे अंक.
त्यातले सोळा परतीचे होते,
पैसे माझ्या खिशातून गेले.

मी तणतणत गेलो त्याच्याकडं.
"वीस लिहायचंस की. मधलं.
सगळे गप बसले असते."
तो बशीत चहा ओतत होता.
"बरं," म्हणाला, "उरलेल्या नवांची नावं सांग."

चार दिवसांनी पावती फाडायला टेकलो
तर पान पाच वर आलेलं.
सोन्याच्या दराखाली, बोटभर चौकट:
"हंचिनमळ्यातील आजारी अकरा असे छापले होते.
ते बारा आहेत.
ऊसतोड टोळीच्या खोपटातील हेमव्वा लमाणी
यांचे नाव राहून गेले. वय त्यांना माहीत नाही.
गावच्या कुठल्याच यादीत त्या नाहीत.
चूक वार्ताहराची."

एवढ्यासाठी कुणी चौकात आलं नाही.
ना जाळायला, ना वाचायला.
हेमव्वाकडं पेपर जात नाही,
टोळी तोवर दुसऱ्या फडावर हललेली.

पुढं चिक्कोडीहून एक इंजिनिअर आला,
हातात घडी घातलेलं कात्रण.
फाटकाला पाठ लावून मोजत चालला, कन्नडात, मोठ्यानं.
इप्पत्तेरडला थांबला.
म्हणाला, खणा.

पाइप बदलला.
कुणामुळं, यावर दोन पॅनेलं अजून भांडतात,
दोघांच्याही बोर्डावर मगदूमचं नाव नाही.
त्यानं मात्र माझे सोळा अंकांचे पैसे आणून दिले.
मी घेतले. नको म्हणायला हवं होतं की काय,
अजून कळलेलं नाही.

काल परत मेडिकलवाला,
"काय शिदाप्पा, आज कुणाचं पाकीट?"
मी सायकल उभी केली.
म्हटलं, पान पाच बघत जा, खाली, डावीकडं.
आणि बिलाचं बघ.