तळवा

सात वर्षं झाली, आवाज नाही.
त्याआधी यायचा.
कातडं कापताना हात आपोआप थांबायचा
आणि कळायचं, इथे नको, बोटभर अलीकडे.
एवढाच यायचा.

शेवटचं जे ऐकू आलं ते इतकं साधं
की पाळकसाहेबांना सांगायची लाज वाटली:
मुंगीलालच्या चपला कर.
केल्या. झिजल्या. पुन्हा केल्या.
मग दवाखान्याचं चपलांचं खातंच बंद झालं,
मशीन अमरावतीला गेली,
रबराच्या तीन शीटा माझ्या खाटेखाली राहिल्या
आणि पुढचं काही आलं नाही.

पाळकसाहेब म्हणतात,
संत्र्याच्या बागेला ताण देतात ना, शांतवनभाऊ,
पाणी तोडतात, पानं मलूल होतात,
मगच बहार फुटतो.
असेल.
माझा मोठा भाऊ बागवान होता.
ताण चार दिवस जास्त झाला
तर झाड सरपणाला जातं, हेही त्यानेच दाखवलं.
मी नुसती मान डोलावतो.

रविवारी मागच्या बाकावर बसतो.
गीत संपतं. डोळे मिटून वाट बघतो, प्रभू,
आणि ऐकू येतं काय,
तर पंख्याची कुरकुर,
आणि परतवाड्याची एसटी, चढावर गियर बदलताना.

नवतपा. कुत्रंही सावली सोडत नव्हतं.
तशात मुंगीलाल आला, डोंगर उतरून.
टाचेत बाभळीचा काटा, इंचभर,
आणि हा मोहफुलांच्या भावाचं बोलत होता.
दुखत नाही काय रे?
"दुखन कायले? मले कुठी समजते."
रोज पाहतोस ना पण?
"पाहतो ना. सांजच्याला, दिव्यापाशी.
तुमीच त सांगतलं होतं.
काल राहून गेलं. पाव्हणे होते."

मीच सांगितलं होतं.
वीस वर्षं, खात्याच्या दारात,
एकेकाला स्टुलावर बसवून:
पाय सांगणार नाही. त्याच्यावर विसंबू नका.
त्याला कळत नाही, तरी जमीन खाली असतेच.
रोज तळवा वळवायचा, डोळ्यांनी बघायचा,
पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं,
चप्पल घालायची
आणि कामाला लागायचं.

काटा काढला. रक्त आलं थोडं.
तो कौलांकडे बघत बसला होता,
जणू पाय शेजाऱ्याचा.

शेवटची शीट ओढली.
त्याच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली,
बोटं जिथे नाहीत तिथे हळू.
हात थांबला नाही. काही म्हणजे काही कळलं नाही.
डोळ्यांनी बघितलं
आणि बोटभर अलीकडे कापलं.

रात्री लाइट गेली.
कंदील लावला, भिंतीला टेकलो,
आणि स्वतःचा पाय मांडीवर घेतला.
धड आहे माझा, खडा रुतला तरी कळतं.
तरी वळवून बघितला.