डावी, उजवी

वडशाहून एसटीनं आलो, मांडीवर दोन डिस्क,
दुपट्ट्यात गुंडाळलेल्या, अंडी आणावीत तशा.
कंडक्टरनं विचारलं, काय हाय जी?
म्हटलं, आरसा.

दवाखाना ट्रस्टचा. सर्व्हर रक्ततपासणीच्या खोलीत,
कारण कूलर तिथंच चालतो.
जुनं युनिक्स, काळा पडदा,
आणि आत एक डिस्क पालीसारखी चुकचुकत.
सिकलसेलची अकरा वर्षांची नोंदवही तिच्यावर.
चौदा हजार माणसं, त्यांची गावं, त्यांचे आईबाप.

आधी एक्सरेसाठी दोन मोठ्या डिस्क पट्ट्यांत जोडल्या:
एक घास हिला, एक घास तिला.
लॅबवाली इंदुमती नैताम स्टुलावर बसून पाहत होती.
म्हटलं, दोन बायांनी एक बांधी रोवावी तसं,
एक ओळ तुझी, एक तिची, काम अर्ध्या वेळात.
"अन् एक बाई मधूनच घरी गेली तं?"
मग अख्खी बांधी गेली.
म्हणून हिच्यावर फक्त फोटो.
मोडक्या हाडाचा फोटो पुन्हा काढता येतो.

नोंदवहीला मात्र आरसा.
चिकटपट्टीवर लिहिलं: डावी. उजवी.
कोण कुणाचं प्रतिबिंब, हे यंत्राला एकदाच सांगायचं असतं.
उलटं सांगितलं तर कोरी डिस्क भरलेलीवर सांडते,
आणि यंत्र शेवटी म्हणतं, झालं, दोन्ही सारख्या.
खरंच सारख्या. दोन्ही कोऱ्या.
हे मी एकदा केलेलं आहे. कुठं, ते विचारू नका.

तिला डिस्कवरचा नंबर वाचायला लावला,
मी पडद्यावरचा वाचला.
पुन्हा वाच, म्हटलं.
"दादा, तुमी तं सुई टोचाले बसल्यावानी बसले."
एंटर.

एक टक्का.
लाइट गेली, यूपीएस बोंबलला, लाइट आली.
चार टक्के.

ती आपल्या कामाला लागली.
पट्टीवर रक्ताचे थेंब, दोन्ही टोकांना वीज,
थेंब हळूहळू सरकतात आणि त्यांचे पट्टे होतात.
"हे पाहा. दोन पट्टे म्हनजे वाहक.
एक प्रत चांगली, एक बिघडलेली.
मानूस चालते, रोवण्याले जाते, हासते.
एकच पट्टा, अन् तो इथं, तं दोन्ही प्रती गेल्या."
तिनं बोट टेकवलं नाही, नुसतं जवळ नेलं.

"तुमच्या आरशात चूक लिवली तं?"
दोन्हीकडे चूक. त्याच क्षणी, इमानदारीनं.
आरसा काही दुरुस्त करत नाही, बाई.
"मंग माहं अर्धं पिवळं कार्ड बरं.
एक तरी येगळी हाय."

छत्तीस टक्के.
फ्रिजमध्ये एक नळी बाकीच्यांपासून बाजूला उभी होती.
कढोलीचा पोरगा, म्हणे. बोलणी चालू आहेत.
"तपासीन मीच, लिवीन बी मीच,"
मी काही विचारलं नव्हतं.

रात्री ओसरीवर पडलो. बोडीत बेडकं,
कुणाचं तरी पोर दुखतं म्हणून रडत होतं,
नर्स गरम पाण्याची पिशवी घेऊन गेली, आली, परत गेली.
पावणेतीनला शंभर टक्के.

आता परीक्षा.
चालू यंत्रातून डावी उपसून काढली.
एक दिवा लाल झाला. बाकी काही नाही.
नोंदवही उघडली, उजवीच्या एकटीच्या भरवशावर.
शेवटची नोंद कालची, रात्री नऊ चाळीसची.

रूटला सगळं दिसतं.
मी शेवटची ओळ सोडून
चौदा हजार माणसं मोजायला लावली,
आणि आलेल्या आकड्यात
एक मिळवला.

मग डावी परत बसवली.
शून्य टक्के.
चिठ्ठी लिहिली: दर शनिवारी तिसरी प्रत,
दुसऱ्या खोलीत, कुलपात.
पहिली बस साडेपाचची होती.