सर्वसाधारण सभेला उत्तर

चोपडा पंचायत समिती. सभागृहात वीज नाही.
कोकिळाबाईंना स्मशानवाटेवर दिवा हवाय,
रसूल तडवींना शाळेला मास्तर,
रुमाल्या बारेलांना पाड्यावर डॉक्टर, निदान बुधवारचा;
दगाआप्पा पुन्हा माकडांवर, केळीच्या बागेसकट.

मी उठते. चष्मा पुसते.
"सन्माननीय सदस्यांनी मांडलेल्या मुद्द्यांची..."
पंखा बंद,
त्यामुळे प्रत्येक शब्द ऐकू जातो, मलासुद्धा.

मागून कुणीतरी:
"ताई, अहिरानीमा सांगा ना."

'कार्यवाही प्रस्तावित'ला अहिराणीत शब्दच नाही.
आईच्या चुलीपर्यंत शोधून आले.
हाती लागलं एवढंच:
"डॉक्टरनं माले माहीत नही, दादा.
दिवा मी लावसू."

सभा गप्प.
दगाआप्पा माकडं विसरले.
लेखनिकाचा पेन हवेत:
हे इतिवृत्तात
कोणत्या भाषेत लिहू, मॅडम?