ड्रम

मुसेकिवाने तो झ्विशावानेच्या खाणीवरून आणला
तेव्हा चिवीतल्या आमच्या वस्तीने त्याला हात लावून पाहिला.
डिझेलचा वास जाता जात नव्हता.
राखेने घासला, वाळूने घासला,
नदीपर्यंत लोळवत नेला, लोळवत आणला.
मग त्यात नाचणी शिजली, आंबली, फेसाळली,
आणि माझी तीन पोरं शाळेत गेली.

सासू म्हणायची, मडक्यातल्या बिअरची चव नाही हिला.
मी म्हणायचे, मडकं फुटतं.
मडक्यात दहा माणसांची भागते, ड्रममध्ये साठांची.
ती ओठ पुसायची आणि पेला पुढे करायची.

आंबट पेय लोखंडाला चाटत बसतं रात्रभर.
त्याचा आवाज होत नाही.

पहिली धार पूर्वजांना, जमिनीवर.
दुसरा पेला मुसेकिवाचा.
पंधरा वर्षं.

मग खोकला आला.
पहाटे त्याचा शर्ट मी पिळून वाळत घालायचे.
पट्ट्याला नवी भोकं पाडली, खिळा तापवून.
एकदा थुंकीत लाल धागा दिसला,
त्याने तो पायाने मातीत पुसला. मी पाहिलं नाही असं केलं.

दवाखान्यात सिस्टर रुम्बिदझाईने त्याची पापणी खाली ओढली.
आत पांढरं, उकडलेल्या मक्यासारखं.
मी पदराची गाठ सोडली:
रक्तवाढीच्या लाल गोळ्या, बसथांब्यावरून घेतलेल्या.
तिने पुडी माझ्या हातातून काढून घेतली.

"लोखंड कमी नाही, माई. चुकीच्या कोठारात आहे.
चोर आला की शरीर धान्याला कुलूप घालतं,
म्हणून रक्त उपाशी.
पण हा चोर कोठारातच झोपलाय."

ती कुलूप म्हणाली, चोर म्हणाली.
मला मात्र ड्रम दिसत होता.

सगळा दोष त्याचा नाही, तीच पुढे म्हणाली,
खाण होती, धूळ होती, एका खोलीत आठ जण झोपायचे.
जंतूला तू जेवायला वाढलंस
असं ती म्हणाली नाही.
ते मी म्हणाले, घरी, चुलीला.

गोळ्या सुरू झाल्या आणि त्याची लघवी
गंजाच्या रंगाची झाली.
"बघ रेवाई, ड्रम बाहेर पडतोय,"
किती महिन्यांनी हसला.
तो रंग औषधाचा, हे मला सांगितलं होतं सिस्टरने.
मी त्याला सांगितलं नाही.

आता ड्रम उपडा पडलाय कुंपणाशी.
त्यावर बसून तो भुईमुगाच्या शेंगा फोडतो,
टाचेने पत्रा वाजवतो,
पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आलाय.
काल विचारत होता,
मडक्यात दहा माणसांची भागते म्हणतेस ना?
आपण तर दोघंच.

मी डबा हलवून पाहिला.
अजून अठ्ठावीस गोळ्या आहेत.